द्राक्षबागेत फवारणी करताना विषबाधा कशी टाळावी आणि झाल्यास काय करावे

नाशिक जिल्ह्यात ऑक्टोबर छाटणी झाली की फळ काढणीपर्यंत बागेतला फवारणीचा पंप फारसा थांबत नाही. डावणी, भुरी हे रोग आणि उडद्या, फुलकिडे, मिलीबग या किडी असे एकामागून एक काही ना काही येतच राहते, आणि मध्येच अवकाळी पाऊस झाला तर ठरलेल्या वेळापत्रकात आणखी फवारण्यांची भर पडते. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश आढळल्यामुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडकली, तेव्हापासून मण्यावर औषधाचा किती अंश उरला आहे याबाबत आपला बागायतदार कमालीचा सावध झाला आहे. काढणीपूर्व कालावधी, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांतले ठरलेले अंतर, पाळला जातो, नमुने प्रयोगशाळेत जातात, नोंदवह्या भरल्या जातात. ही सर्व दक्षता फळ खाणाऱ्यासाठी आहे आणि ती योग्यच आहे. मात्र त्याच बागेत मांडवाखाली उभे राहून ते औषध मारणाऱ्या माणसाच्या अंगात किती औषध गेले, याची नोंद कोणत्याही वहीत नसते. या लेखात त्या माणसाचा विचार केला आहे, मग तो स्वतः बागायतदार असो, सालगडी असो किंवा पेठ-सुरगाण्याहून हंगामापुरत्या आलेल्या टोळीतला मजूर असो.

औषध अंगात कोणत्या वाटेने जाते

तोंडावर रुमाल बांधला म्हणजे बचाव झाला, असा समज सर्वत्र दिसतो. फवारणी करणाऱ्याच्या बाबतीत औषध शरीरात जाण्याचा सर्वांत मोठा मार्ग नाक किंवा तोंड नसून त्वचा हा आहे. त्यातही सगळीकडची त्वचा सारखी नसते. हाताच्या पुढच्या भागाच्या तुलनेत कपाळ, डोक्याची त्वचा, काख आणि विशेषतः जांघेतील नाजूक त्वचा कितीतरी अधिक औषध शोषून घेते. पाठीवरच्या पंपाचे झाकण किंवा पट्ट्याजवळचा सांधा गळत असेल, तर ते पाणी पाठीवरून कमरेत आणि तेथून जांघेत उतरते, आणि चार-पाच तास तेच ओले कपडे अंगावर राहतात. माणसाला त्रास होतो तेव्हा तो म्हणतो की औषधाचा वास लागला. प्रत्यक्षात औषध त्याच्या ओल्या कपड्यांतून आत गेलेले असते. ऑक्टोबरच्या उन्हात घामाने भिजलेली, उष्णतेने रक्तप्रवाह वाढलेली त्वचा हे काम आणखी सोपे करते. म्हणून गळका पंप दुरुस्त झाल्याशिवाय पाठीवर घ्यायचाच नाही, आणि कपडे औषधाने भिजले तर फवारणी तेथेच थांबवून, अंग धुऊन कपडे बदलायचे. टाकीत अजून दोनशे लिटर शिल्लक आहे, हे कारण यापुढे चालवून घेऊ नये.

द्राक्षाच्या मांडवाची अडचण अशी की फवारा वरच्या दिशेने मारावा लागतो आणि थेंब खाली, आपल्याच तोंडावर आणि हातांवर पडतात. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले, तेव्हा चर्चेत आलेल्या कारणांपैकी एक हेच होते, की नेहमीपेक्षा उंच वाढलेल्या कपाशीत फवारा थेट चेहऱ्याच्या पातळीवर होत होता. आपल्याकडे मांडव तर डोक्याच्याही वर असतो. त्यामुळे येथे रुंद काठाची टोपी किंवा डोके व मान झाकणारे टोपडे, डोळ्यांना बाजूंनी बंद असणारा चष्मा आणि औषध न शोषणारा पूर्ण बाह्यांचा अंगरखा हे आवश्यकच आहे. हातमोजे नायट्राइल रबराचे असावेत. कापडी किंवा चामडी मोजे औषध पितात आणि ते दिवसभर हातालाच चिकटवून ठेवतात. एक बारीकशी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: हात वर करून फवारताना मोज्याचे तोंड बाहीच्या वरून घेऊन बाहेरच्या बाजूला दुमडावे, म्हणजे हातावरून ओघळणारे पाणी त्या घडीत अडते. टोमॅटोच्या खालच्या पानांवर किंवा कांद्यावर, म्हणजे खालच्या दिशेने फवारताना नेमके उलटे करावे, बाही मोज्याच्या वर घ्यावी. विजार नेहमी गमबुटाच्या बाहेरून सोडावी. आत खोचली तर बूट हीच औषधाची बादली होते.

तोंडाला बांधलेले उपरणे धूळ अडवते, औषधाची वाफ अडवत नाही. ते एकदा तुषारांनी ओले झाले की आपण प्रत्येक श्वासागणिक तेच औषध ओढत असतो, आणि मग ते बांधण्यापेक्षा न बांधलेले बरे, असे म्हणण्याची वेळ येते. सक्रिय कोळशाची गाळणी असलेला मास्क वापरावा, आणि मास्कमधून वास येऊ लागला की गाळणी बदलावी. विनाकेबिनच्या ट्रॅक्टरवर बसून ब्लोअर चालवणाऱ्याला आपण औषधापासून लांब आहोत असे वाटते. वारा मागून असेल तर संपूर्ण ढग त्याच्याच अंगावर येतो, म्हणून ही साधने त्यालाही लागतात.

बाटली उघडण्यापूर्वी आणि उघडताना

लेबलवर टोकावर उभ्या केलेल्या चौकोनाच्या आकाराचे एक चिन्ह असते आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा मध्यम आणि हिरवा त्यामानाने कमी. ही वर्गवारी प्रामुख्याने किती मात्रेने तत्काळ जीव धोक्यात येतो यावर ठरते. लाल रंगाच्या औषधाची पोटातून जाणारी घातक मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे 50 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असते, तर हिरव्याची 5000 मिलिग्रॅमहून अधिक. डोळ्यांची आग, त्वचेची ॲलर्जी किंवा वर्षानुवर्षे थोडे थोडे अंगात जाण्याचे परिणाम या रंगातून पुरेसे कळत नाहीत. म्हणून हिरवा त्रिकोण पाहून उघड्या हाताने बुरशीनाशक कालवणे चुकीचे आहे. लेबलवरच विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार आणि उतारा छापलेला असतो. तो भाग फवारणीच्या आधी वाचावा आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवावा, कारण ओल्या हातांनी घाईत बारीक अक्षरे कोणालाच वाचता येत नाहीत.

दुकानातून औषध घेताना पक्के बिल घ्यावे आणि ते औषध आपल्या पिकासाठी शिफारस केलेले आहे ना, हे पाहावे. घरातल्या जुन्या साठ्याकडेही एकदा नजर टाकावी. डायक्लोरव्हॉस, फोरेट, ट्रायझोफॉस यांच्यासह अनेक औषधांवर केंद्र सरकारच्या 2018 च्या आदेशाने बंदी आली आणि ही तिन्ही 31 डिसेंबर 2020 पासून पूर्णपणे बंद झाली. तरी शेडच्या एखाद्या फळीवर त्यांचा अर्धा डबा अजून पडून असलेला आढळतो. असा डबा संपवून टाकण्यासाठी वापरू नये. तो कुलुपात ठेवून तालुका कृषी कार्यालयात विल्हेवाटीबाबत विचारावे.

सर्वांत धोक्याचे काम फवारणी नसून द्रावण तयार करणे हे आहे, कारण त्या वेळी हातात असते ते पाणी न मिसळलेले मूळ औषध. टाकीत एका थेंबाचे हजारपट पाणी होते, पण बोटावर सांडलेला थेंब तसाच असतो. हे काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, मोजमापाच्या भांड्याने करावे. झाकणाने अंदाजे ओतणे आणि हाताने ढवळणे या दोन्ही सवयी सोडाव्यात. टाकी आधी अर्धी पाण्याने भरावी, मग औषध घालावे, मग उरलेले पाणी. तीन-चार औषधे एकत्र कालवण्याचा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. मजुरी वाचते हे खरे असले तरी त्यातून विषारीपणा किती वाढतो हे कोणत्याही लेबलवर लिहिलेले नसते, आणि विषबाधा झाल्यास नेमके कशामुळे झाली हे डॉक्टरांना ओळखणेही अवघड जाते. जी मिश्रणे लेबलवर किंवा विद्यापीठाच्या शिफारशीत नाहीत, ती करू नयेत.

रिकामी बाटली तीन वेळा पाण्याने खळखळून ते पाणी टाकीतच ओतावे, नंतर बाटलीला भोके पाडावीत, म्हणजे ती पुन्हा कोणी वापरणार नाही. औषध दुसऱ्या बाटलीत, विशेषतः पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत काढून ठेवणे हा तर सरळ अपघाताला दिलेला निमंत्रणाचा विडा आहे. 2013 च्या जुलैत बिहारमधील सारण जिल्ह्यात शाळेतील माध्यान्ह भोजनानंतर 23 मुले दगावली. त्या अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले होते. पंप विहिरीवर, शेततळ्याच्या काठावर किंवा पाटाच्या पाण्यात धुऊ नये.

फवारणी चालू असताना

सकाळी दव सुकल्यानंतर किंवा दुपार कलल्यावर, वारा मंद असताना फवारावे. वाऱ्याच्या विरुद्ध चालू नये, आणि नुकत्याच फवारलेल्या ओळीतून परत येऊ नये. आपण नेहमी न फवारलेल्या बाजूला राहू अशा बेताने ओळी घ्याव्यात. नोझल तुंबले तर ते तोंडाने फुंकू नये, मऊ ब्रशने किंवा पाण्याने साफ करावे. त्यासाठी सुटे नोझल खिशात ठेवणारे शेतकरी शहाणे म्हणावेत.

तंबाखूबाबत मात्र अधिक स्पष्ट लिहिणे भाग आहे. तळहातावर तंबाखू आणि चुना घेऊन अंगठ्याने मळताना तळव्यावरचे सगळे औषध त्या चिमटीत उतरते आणि सरळ ओठाखाली जाते, जिथून ते थेट रक्तात शोषले जाते. बिडीचेही तसेच. फवारणी संपून साबणाने हात-तोंड धुतल्याशिवाय पुडी खिशातून बाहेर निघू नये, आणि खरे तर ती खिशात नसावीच. बांधावर, पाण्याच्या कळशीजवळ ठेवावी.

नाशिकच्या बागांत आणखी एक औषध वेगळे सांगावे लागते. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावली जाते. ते त्वचेला आणि डोळ्यांना पोळते, हे लावणाऱ्यांना अनुभवाने ठाऊक असते. फारसे ठाऊक नसते ते हे, की ते शरीरात दारूचे पचन मध्येच अडवते. त्यामुळे पेस्टच्या कामाआधी किंवा नंतर दारू घेतली तर चेहरा लालबुंद होणे, डोके ठणकणे, छातीत धडधड, धाप लागणे आणि रक्तदाब उतरणे असा गंभीर त्रास होतो, आणि त्याला नेमका उतारा नाही. संध्याकाळी दमून आलेला मजूर थोडी घेतो आणि मग लोक म्हणतात की त्याला दारू चढली. टोळी कामाला लावतानाच मुकादमाला हे नीट समजावून सांगावे, लेबलवर दिलेल्या मुदतीपर्यंत कोणीही घ्यायची नाही हे ठरवावे, आणि ज्याला ते जमणार नाही त्याला छाटणीच्या दुसऱ्या कामावर पाठवावे. त्याला कामावरून काढून टाकण्याची धमकी दिली तर तो खरे सांगणार नाही.

फवारणीनंतर लगेच डिपिंग (घड द्रावणात बुडवणे), विरळणी किंवा शेंडा खुडण्यासाठी बायकांची टोळी आत पाठवली जाते. पाने ओली असताना हे करू नये, आणि लेबलवर पुन्हा आत जाण्याची मुदत दिली असेल तर ती पूर्ण होऊ द्यावी; तोवर बागेच्या तोंडाशी लाल फडके बांधून ठेवावे. मजूर बायका तान्ह्या मुलाची झोळी मांडवाच्याच तारेला बांधतात, कारण सावली तिथेच असते. त्या तारेवर, वरच्या पानांवर आणि म्हणून झोळीच्या कापडावर कालचे औषध असते, आणि लहान मुलाच्या शरीराला मोठ्यापेक्षा फार कमी मात्रा पुरते. मुलांसाठी बागेबाहेर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला एखादी पत्र्याची सावली करून देणे हे बागायतदाराचे काम आहे. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना आणि अठरा वर्षांखालील मुलांना औषधाच्या कामाला लावूच नये.

काम संपल्यावर साबणाने डोक्यावरून आंघोळ करावी. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत, ते वेगळे आणि हातमोजे घालून धुवावेत; ज्या घरात हे कपडे नेहमी आई किंवा पत्नी उघड्या हातांनी धुते, तिथे फवारणी न करताही तिच्या अंगात औषध जात असते. औषधे कुलूपबंद कपाटात, चारा, धान्य आणि कांदा चाळीपासून लांब ठेवावीत. ते कुलूप चोरांसाठी जितके, तितकेच घरातल्या एखाद्या माणसाच्या अत्यंत वाईट क्षणासाठीही आहे. रागाच्या किंवा निराशेच्या भरात हात पोहोचेल अशा जागी औषध नसले, तर तो क्षण अनेकदा टळतो. मनावर असा ताण असेल तर टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

लक्षणे ओळखणे

प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, डायमेथोएट, ॲसिफेट ही सेंद्रिय फॉस्फरस गटातील आणि मिथोमिलसारखी कार्बामेट गटातील औषधे शरीरातील कोलिनेस्टरेज नावाचे विकर निकामी करतात. हे विकर मज्जातंतूंचा संदेश पोहोचल्यावर तो थांबवण्याचे काम करते. ते बंद पडले की संदेश चालूच राहतो आणि ग्रंथी व स्नायू अखंड काम करू लागतात. म्हणून तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी येते, दरदरून घाम फुटतो, मळमळ, उलट्या, पोटात कळा आणि जुलाब होतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होऊन अंधुक दिसते, स्नायू फडफडतात आणि छातीत पाणी भरल्यासारखा घुरघुर आवाज येतो. सुरुवातीला मात्र नुसते डोके दुखते, गरगरते आणि मळमळते, आणि हेच घातक ठरते, कारण घरचे म्हणतात ऊन लागले किंवा पित्त झाले. उन्हाचा झटका बसलेल्या माणसाचे अंग सहसा तापलेले असते. लाळ आणि बारीक बाहुल्या हे दोन दिसले की शंका ठेवू नये. ही लक्षणे कधी अर्ध्या तासात, तर त्वचेतून गेलेल्या औषधाने कधी रात्री जेवणानंतर दिसतात. फवारणीनंतर एक दिवस माणसावर लक्ष असावे.

सायपरमेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन अशा पायरेथ्रॉइड गटातील औषधांनी चेहऱ्याला मुंग्या येतात आणि आग होते. घाम आणि पाण्याने ती वाढते. पॅराक्वाट हे तणनाशक थोडे जरी गिळले तरी फुप्फुसे हळूहळू निकामी करते आणि त्यावर उतारा नाही, म्हणून सुरुवातीला माणूस ठणठणीत दिसला तरी त्याला घरी ठेवू नये.

विषबाधा झाली तर

108 ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हात थांबवू नयेत. मदत करणाऱ्याने प्रथम स्वतः मोजे, नाहीतर प्लास्टिकच्या पिशव्या हातात घालाव्यात. रुग्णाला बागेबाहेर मोकळ्या हवेत आणून सर्व कपडे उतरवावेत. लाज आणि घाई या दोन्हींमुळे आतले कपडे राहून जातात, आणि औषध नेमके तिथेच असते. चामडी पट्टा, घड्याळाचा पट्टा, कमरेचा करदोटा, मनगटातला गंडा हे सर्व औषधाने भिजलेले असते; ते कापून काढावे. साबण आणि साध्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटे अंग धुवावे, केस, कानामागे, नखांखाली, काखेत आणि जांघेत विशेष. खरखरीत घासू नये, त्वचा सोलली तर औषध अधिक जाते. डोळ्यांत गेले असेल तर पापणी उघडून पंधरा मिनिटे पाण्याची हलकी धार सोडावी.

उलटी काढू नये. मीठ-पाणी, तूप, दूध, लिंबूपाणी, ताक यांपैकी काहीही पाजू नये; गुंगीत असलेल्याच्या हे श्वासनलिकेत जाते, आणि दूध-तुपामुळे काही औषधे उलट लवकर शोषली जातात. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर झोपवावे, म्हणजे उलटी झाली तरी श्वास मोकळा राहील.

औषधाची बाटली, किंवा मिश्रण असेल तर सर्व बाटल्या, पिशवीत घालून रुग्णालयात न्याव्यात. तेथे कळवावे की काय, किती वेळ आणि किती वाजता फवारले. फॉस्फरस गटाच्या विषबाधेत ॲट्रोपिन आणि प्रालिडॉक्सिम ही औषधे, आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावा लागतो, म्हणून गावात सलाइन लावून वाट पाहण्यात वेळ घालवू नये. जवळच्या शासकीय रुग्णालयात किंवा नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात न्यावे. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राच्या 1800 116 117 या विनाशुल्क क्रमांकावर डॉक्टर आणि नातेवाईक दोघेही सल्ला घेऊ शकतात. गिळले असेल तर पोलिसांच्या भीतीने ते लपवू नये. उपचार आधी होतात, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या माणसाला गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखाली असलेला मानण्याची तरतूद केली आहे.

बरे वाटू लागले म्हणून दुसऱ्याच दिवशी घरी आणण्याचा आग्रह धरू नये. एक ते चार दिवसांनी अचानक मान उचलता न येणे आणि श्वासाचे स्नायू थकणे असा दुसरा टप्पा येऊ शकतो, आणि त्या वेळी माणूस रुग्णालयातच असला पाहिजे. घरी आल्यावरही कोलिनेस्टरेजची पातळी भरून यायला आठवडे लागतात. त्या काळात थोडेसे औषधही पुन्हा तीच अवस्था आणते. हंगामाच्या आधी एकदा ही रक्ततपासणी करून ठेवली, तर नंतरच्या आकड्याशी तुलना करता येते. ज्या बागेत रोज तोच माणूस फवारतो, तेथे किमान माणसे आलटूनपालटून लावावीत.

रुग्णालयातील दाखला, डिस्चार्जचा कागद आणि औषधाचे बिल जपून ठेवावे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत जंतुनाशके हाताळताना झालेल्या विषबाधेचा समावेश आहे. खातेदार शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातील एका सदस्याचा मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात, आणि अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तीस दिवसांच्या आत करायचा असतो. सातबारा नावावर नसलेला मजूर मात्र या योजनेत बसत नाही. त्यामुळे टोळी लावतानाच तिच्यातील प्रत्येकाचा अपघात विमा आहे का हे विचारून, नसेल तर तो स्वतःच्या खर्चाने उतरवून ठेवावा.